भट्टीच्या पोटात काय घालायचे?

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा खालापूर तालुक्यात, चौकच्या पलीकडे, चार खोल्यांचे होमस्टे चालवतो. जमीन वाडवडिलांची, खोल्या पतपेढीच्या कर्जाच्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची कुटुंबे येतात. मोठ्यांना तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि चुलीवरचे मटण हवे असते. त्यांच्या मुलांना पिझ्झा हवा असतो. म्हणून अंगणात ठेवायची, दोघांनी उचलून पडवीत नेता येईल अशी छोटी पिझ्झा-भट्टी घ्यायचे त्याने ठरवले. विकणाऱ्याने विचारले, पेलेटवरची देऊ की गॅसवरची? भाच्याने मला फोन केला. "मामा, तुम्ही बॉयलरवर होतात. सांगा, काय घेऊ? चुकलं तर हप्त्याचे पैसे आहेत."

मी खोपोलीच्या एका कारखान्यात तेरा वर्षे बॉयलर अटेंडंट होतो. माझे शिक्षण म्हणजे बारावी नापास आणि बॉयलरचे प्रमाणपत्र. बाकीचे जे काही कळते ते कर्जतच्या वाचनालयातून आणि भट्टीच्या राखेतून. कारखाना बंद पडल्यापासून रायगडातल्या चुली, भट्ट्या आणि सरपण यांच्या नोंदी ठेवण्याचा मला नाद आहे. तेव्हा प्रश्न माझ्या घरचाच होता. तरी त्याचे उत्तर द्यायला मला बरेच महिने लागले आणि त्यातले पहिले उत्तर चुकीचे निघाले.

आधी ही भट्टी मागते काय, ते पाहू. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत भाजून होतो. त्यासाठी तळाचा दगड चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास आणि वरचा घुमट त्याहूनही तापलेला लागतो. घरातला विजेचा ओव्हन अडीचशेच्या आसपास थांबतो. चारशे ऐंशी आणि अडीचशे यांत दुपटीचाही फरक दिसत नाही, पण पदार्थावर पडणारी उष्णता तशी मोजायची नसते. तापलेल्या भिंतीतून किरणांनी येणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. हिशेब केला तर अडीचशे अंशांच्या भिंतीपेक्षा चारशे ऐंशी अंशांची भिंत सव्वाचार पट किरण फेकते. म्हणून एकीकडे पिझ्झा दहा-बारा मिनिटे वाळत बसतो आणि दुसरीकडे दीड मिनिटात फुगून, कडेला काळे ठिपके घेऊन बाहेर येतो. मधला ओलावा निघून जायला त्याला वेळच मिळत नाही.

नेपल्समध्ये या कामासाठी विटांची, टनभर वजनाची, लाकडावरची भट्टी असते. ती पाठीवर घेऊन फिरता येत नाही. क्रिस्टियान तापानिनाहो या मूळच्या फिनलंडच्या माणसाने ब्रिटनमध्ये 2012 साली लोकवर्गणीतून पैसा उभा करून पत्र्याची छोटी भट्टी बाजारात आणली. नाव ठेवले ऊनी. फिनिश भाषेत त्याचा अर्थच भट्टी. (आपल्या 'ऊन'शी त्याचे काही नाते नाही, व्युत्पत्तीचा मोह मी आवरला आहे.) एवढ्याशा डब्यात लाकडाचे ओंडके मावणार कुठे? म्हणून त्याने इंधन निवडले ते पेलेटचे. गॅसच्या भट्ट्या मागून आल्या.

पेलेट म्हणजे लाकडाच्या भुश्याची कांडी, बहुधा सहा ते आठ मिलिमीटर जाडीची. भुसा वाळवून, बारीक करून, पोलादी चाळणीच्या भोकांतून प्रचंड दाबाने रेटतात. घर्षणाने तो तापतो, लाकडातलेच लिग्निन मऊ होते, आणि थंड झाल्यावर तेच डिंकाचे काम करते. वेगळा चिकटा लागत नाही. चांगल्या पेलेटमध्ये पाणी दहा टक्क्यांच्या आत असते. आपल्याकडे उन्हाळाभर वाळवलेल्या लाकडातही पंधरा-वीस टक्के राहते आणि ताज्या तोडीत चाळीस-पन्नास. बॉयलरवाल्याला हा फरक पाठ असतो, कारण प्रत्येक किलो पाण्याची वाफ करायला 540 किलोकॅलरी आधी मोजाव्या लागतात, मगच उरलेली उष्णता कामाला येते. व्हाइट कोल नावाने कारखान्यांत जळणाऱ्या ब्रिकेटी याच पेलेटच्या थोरल्या बहिणी. आमच्या बॉयलरमध्ये त्या वर्षानुवर्षे जळल्या. म्हणूनच भाच्याला मी न डगमगता सांगितले, "पेलेट घे." ते माझे पहिले उत्तर.

कागदावर ते बरोबरच होते. एक किलो पेलेटमध्ये साधारण 17 मेगाज्यूल उष्णता असते आणि एक किलो एलपीजीत 46. म्हणजे एका किलो गॅसची बरोबरी पावणेतीन किलो पेलेट करतात. तुमच्या गावी गॅसचा किलोचा दर काय पडतो तो घ्या, त्याला पावणेतीनने भागा. पेलेट त्याहून स्वस्त मिळत असेल तर इंधनाच्या खर्चात पेलेट जिंकते. बारा इंची पिझ्झ्याची भट्टी चार किलोवॉटच्या आसपास चालते, म्हणजे तासाला तीनशे ग्रॅम गॅस किंवा पाऊण-एक किलो पेलेट. दर कोणताही धरा, एका संध्याकाळचा फरक पाहुण्याच्या एका थाळीएवढाही होत नाही. जी गोष्ट मी सर्वांत आधी मोजली तीच सर्वांत कमी महत्त्वाची निघाली.

मग लोक लाकडाच्या बाजूने एवढे हट्टाने का बोलतात? चवीसाठी, असे म्हणतात. इथे जरा थांबायला हवे, कारण या एका बाबतीत पाहुणे, विक्रेते आणि आमचा भाचा सगळेच एक बोलत होते: लाकडाच्या धुराची चव गॅसला येणार नाही. पण दीड मिनिटात धूर शिरणार किती? शिवाय भट्टी नीट पेटलेली असेल तर त्या तापमानाला धूर उरतच नाही, तो जळून जातो. पेलेटच्या पिझ्झ्याला धुराचा वास येत असेल तर ते चांगल्या लाकडाचे नव्हे, कोंदलेल्या जाळाचे लक्षण. कडेच्या काळ्या ठिपक्यांची चव ही पीठ करपण्याची चव आहे, आणि पीठ कोणत्याही जाळावर करपते. मी बहिणीकडे दोन भट्ट्यांतले तुकडे शेजारी ठेवून घरच्यांना डोळे मिटून खायला लावले. (गॅसची भट्टी एका ओळखीच्या रिसॉर्टवाल्याकडून रविवारपुरती आणली होती.) सात जणांत दोघांनी बरोबर ओळखले, आणि त्यातल्या एका भाचीने नंतर कबूल केले की तिने एक डोळा उघडा ठेवला होता. खुद्द नेपल्समध्ये अस्सल पिझ्झ्याचे नियम राखणारी 1984 सालची संस्था आहे. तिनेही पूर्वीचा लाकडाचा हट्ट सैल करून तपासून घेतलेल्या गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्यांना मान्यता दिली आहे.

दुसरा समज असा की गॅसचा जाळ ओला असतो. गॅस जळताना पाणी तयार होते हे खरेच. किलोमागे सुमारे एक किलो सहाशे ग्रॅम. पण लाकडात हायड्रोजनही असतो आणि मुरलेले पाणीही. दोन्ही हिशेब समान उष्णतेवर आणले तर एका मेगाज्यूलला गॅसमागे पस्तीस ग्रॅम वाफ येते आणि सुक्या पेलेटमागे चौतीस. हा आकडा मी तीनदा तपासला, कारण माझाही समज तोच होता.

खरा फरक आहे तो ज्योतीच्या रंगात. लाकडाची ज्योत पिवळी असते, कारण तिच्यात कार्बनचे तापलेले कण तरंगत असतात आणि ते कण चहूकडे किरण फेकतात. गॅसची निळी ज्योत तशी आंधळी. ती हवा तापवते, हवा घुमट तापवते, मग घुमट पिझ्झ्यावर किरण टाकतो. मोठ्या बॉयलरांतही कोळशावरून किंवा तेलावरून गॅसवर गेल्यावर हीच अडचण येते: भट्टीच्या भिंती पूर्वीइतकी उष्णता घेत नाहीत आणि धुराड्यातून जाणारा वायू जास्त गरम निघतो. म्हणून चांगल्या गॅस-भट्टीचा बर्नर निळी नव्हे, तर छतावरून लोळत पुढे येणारी लांबट, पिवळसर ज्योत देईल असा केलेला असतो. गॅसची भट्टी घेणाऱ्याने रंग, ब्रँड, चकचकीत पाय नंतर पाहावेत. आधी पेटवायला लावून ज्योत घुमटाला धरून अर्ध्याच्या पुढे येते का ते पाहावे.

आता माझे पहिले उत्तर कुठे फसले ते सांगतो. भाच्याने पेलेटची भट्टी आणली ती डिसेंबरात. थंडीभर ती उत्तम चालली. मागच्या कप्प्यात मूठभर पेलेट, पंधरा-वीस मिनिटांत दगड तापला. मात्र दर आठ-दहा मिनिटांनी मूठ टाकावी लागे, आणि टाकल्यावर मिनिटभर धूर. एकदम जास्त टाकले तर खालून येणारी हवा कोंडायची आणि भट्टी रुसायची. चार पिझ्झे करायचे तर हे कौतुकाचे. वीस पाहुण्यांसाठी करायचे तर एक माणूस फक्त तेवढ्यासाठी उभा. तो माणूस म्हणजे माझी बहीण.

जूनमध्ये पाऊस लागला. कर्जत-खालापूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ज्या लिग्निनच्या जोरावर पेलेट कडक राहते ते पाण्यापुढे टिकत नाही. पेलेट पाण्यात टाका, बुडते आणि काही मिनिटांत फुगून पुन्हा भुसा होते. ओल्या हवेतही तेच, सावकाश. पडवीत ठेवलेल्या दोन गोण्यांचा जुलैपर्यंत निम्मा चुरा झाला. चुऱ्याने हवेची भोके बुजली. एका शनिवारी अकरा पाहुणे पानावर आणि भट्टीतून नुसता धूर. त्या रात्री भाच्याने पाहुण्यांना जेवणाचे पैसे परत केले. मला फोन केला नाही, हे मला जास्त लागले.

तिसरी गोणी त्याने घाईत दुसरीकडून आणली. तिला जळताना प्लायवूडसारखा उग्र वास येत होता. फर्निचरच्या कारखान्यांतला भुसा स्वस्त मिळतो, पण त्यात फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाचे प्लाय मिसळलेले असू शकते. बॉयलरला ते एक वेळ चालेल. ज्या ज्योतीखाली मुलांचे खाणे भाजायचे तिथे नाही. गोणीवर कशाचा भुसा ते लिहिलेले नव्हते. ती गोणी आम्ही भाजायला वापरली नाही.

मग मला आमच्या मातीतले इंधन सुचले. भाताचा पेंढा इथे वाटेल तेवढा. कर्जतला भाताचे संशोधन केंद्र, शेतात भात, मळणीनंतर पेंढ्याच्या उडव्या. त्याच्याच कांड्या का नकोत? एका ओळखीच्याकडून पेंढ्याच्या पाच किलो पेलेट करून आणल्या. पहिल्या अर्ध्या तासात राखेचा ढीग झाला आणि जाळीवर काचेसारखा थर चढला. पेंढ्याच्या राखेत सिलिका भरपूर आणि सोबत पोटॅश. पोटॅशमुळे सिलिका कमी तापमानाला वितळते आणि थंड होताना दगड बनते. आम्ही बॉयलरवर त्याला क्लिंकर म्हणायचो आणि लोखंडी पहारीने फोडायचो. वीतभर जाळीवर पहार कुठे चालवणार? तुसाचे तर वजनाच्या पाचवा हिस्सा राखच उरते. वीटभट्टीत तूस शोभते, कारण तिथे राख ही अडचण नसते.

याच सुमारास 'ऊर्जा' शेगडीच्या माझ्या जुन्या नोंदी मी बाहेर काढल्या. त्या आधीच काढायला हव्या होत्या. 2006च्या सुमारास बीपी या तेल कंपनीने बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने पेलेटवर चालणारी घरगुती शेगडी आणली. तिला बॅटरीवरचा छोटा पंखा होता. खालून थोडी हवा, वरून जास्त, म्हणजे आधी लाकडाचा वायू करायचा आणि मग तो वायू जाळायचा. धूर जवळपास नाही. पुढे 2009मध्ये बीपी बाहेर पडली आणि पुण्याच्या फर्स्ट एनर्जीने ते काम चालू ठेवले. महाराष्ट्र-कर्नाटकासह दक्षिणेत चार लाखांवर शेगड्या विकल्या गेल्या. आमच्या कामगार वस्तीतही दोन होत्या. पण पेलेट व्हायचे ते उसाच्या चिपाडांचे, शेंगांच्या टरफलांचे. आणि त्याच मालावर बॉयलरवाल्या कारखान्यांचीही नजर होती. कच्चा माल महागला तसे पेलेट महागले. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे गॅस होताच. शेगडी त्यांनी सिलिंडर पुरवून वापरायला घेतली होती. पेलेटचा फायदा संपला तशी शेगडी माळ्यावर गेली. कंपनी हॉटेले आणि कारखान्यांकडे वळली.

मला यात शेगडीचा दोष दिसत नाही. यंत्र उत्तम होते. पण पेलेट हे एकाच ठिकाणाहून येणारे इंधन आहे. लाकूड नसले तर गोवऱ्या चालतात, गोवऱ्या नसल्या तर काटक्या. पेलेटच्या भट्टीत पेलेटच लागते, ते नसले की यंत्र मुके. खालापुरात चांगल्या, खाण्याजोग्या पेलेटची गोणी मागवायला आठवडा लागतो. गॅसही बाहेरूनच येतो, पण त्याची गाडी दर आठवड्याला गावात येते.

तर माझे दुसरे उत्तर: गॅस. भाच्याच्या भट्टीला मागच्या बाजूने गॅसचा बर्नर बसवता येत होता, म्हणून नवी घ्यावी लागली नाही. पण गॅसचेही खटले आहेत. घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरणे कायद्याने चालत नाही, आणि पाहुण्याला पैसे घेऊन पिझ्झा देणे हा धंदाच. व्यवसायाचा एकोणीस किलोचा सिलिंडर दोघांनी उचलायची भट्टी फिरती ठेवत नाही. पाच किलोचा छोटा सोयीचा, पण त्याचीही एक खोड आहे. सिलिंडरमधला द्रव वायू होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. मोठा बर्नर, छोटा सिलिंडर आणि माथेरानच्या डोंगरावरून उतरणारी जानेवारीची थंडी जमली की टाकी बाहेरून गारठते, दाब पडतो, ज्योत आखडते. लोक मग टाकीवर गरम पाणी ओततात. ते करू नये. जोडीला दुसरा छोटा सिलिंडर ठेवून आळीपाळीने वापरावे. आपल्याकडचा साधा रेग्युलेटर सुमारे तीस मिलिबार दाब देतो, परदेशी बर्नर कधी कधी त्याहून बराच जास्त मागतो; बर्नरच्या पाटीवरचा आकडा वाचल्याशिवाय नळी जोडू नये. आणि गॅस हवेहून जड असतो. गळला तर वर जात नाही, पडवीच्या खोलगट कोपऱ्यात साचून राहतो. पाऊस आला म्हणून ताडपत्रीने चारी बाजू बंद करून भट्टी पेटवणे हा मूर्खपणा, मग इंधन कोणतेही असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ज्याला महिन्यातून एकदा, कोरड्या हवेत, चार मित्रांसाठी भाजायचे आहे आणि जाळाशी खेळण्यात आनंद आहे, त्याला मी आजही पेलेट घे म्हणेन. बंद पिंपात ठेव, एका हंगामाचेच आण आणि कोणत्या लाकडाचे ते विचारून घे.

लाकडाच्या भट्ट्यांवर सध्या कोर्टाचीही नजर आहे. 9 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. त्यावर पावाच्या चवीची बरीच चर्चा झाली. पण पावाच्या भट्टीत आधी विटा तापवतात, जाळ बाजूला काढतात आणि साठलेल्या उष्णतेवर पाव भाजतात. चव देते ती विटांची जाड भिंत. धूर देते ते मोडक्या फर्निचरचे रंगवलेले लाकूड. हा हुकूम मुंबईपुरता आहे, आमच्या अंगणापर्यंत आलेला नाही. पण आमच्या अंगणात येणारे पाहुणे त्याच हवेतून येतात आणि इथे आल्यावर 'लाकडावरचे' म्हणून जास्त पैसे देतात.

एक माणूस या सगळ्या हिशेबात मी धरला नव्हता. वरच्या ठाकरवाडीतली एक बाई गेली कित्येक वर्षे बहिणीकडे मोळी टाकते. पाहुण्यांच्या आंघोळीचे पाणी त्या लाकडावर तापते. मोळीचे वजन मी एकदा ताणकाट्यावर केले, अठ्ठावीस किलो निघाले, आणि ती डोंगर उतरून आणलेली. भाच्याने बर्नर बसवला त्याच आठवड्यात सोलरचा बंबही बसवला. मी तिला म्हटले, आता डोक्यावरचे ओझे तरी कमी होईल. ती म्हणाली, "ओझा कमी झाला, दादा, पन पैसंबी कमी झाले." तिच्याकडे उज्ज्वलाचा सिलिंडर आहे. तो पुन्हा भरायला पैसे लागतात आणि ते पैसे मोळीचे असतात. हा हिशेब मला पावणेतीनने भागून सोडवता आला नाही. बहिणीने तिला पोपटीच्या हंगामात शनिवार-रविवारी बोलवायचे ठरवले.

कारण पोपटीला गॅस चालत नाही, आणि याला मात्र चवीचे खरे कारण आहे. माठाच्या तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला, मध्ये वालाच्या शेंगा, ओवा, जाडे मीठ, हवे तर अंडी, बटाटे, कोंबडी. पाण्याचा थेंब नाही. माठ पालथा घालायचा आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचे. अर्धा तास शेंगा स्वतःच्याच वाफेत आणि पाल्याच्या वासात कोंडलेल्या राहतात. दीड मिनिटाच्या पिझ्झ्याला जे मिळत नाही ते इथे मिळते: वेळ आणि बंद भांडे. वलसाडकडे याच कुळातले उंबाडियुं करतात, तेही पालथ्या मडक्यात.

गेल्या जानेवारीत मी मुद्दाम माठ गॅसच्या भट्टीसमोर ठेवून पाहिला. ज्योत एका बाजूने, माठाचा एक गाल लाल, दुसरा गार; पंधराव्या मिनिटाला माठ तडकला. ठाकरवाडीची बाई बाजूला बसून पाहत होती. तिने दुसरा माठ भरला, पेंढा भोवतीने सारखा लावला आणि मला लांब बसवले. जाळ बसल्यावर तिने माठावर पाण्याचे शिंतोडे मारले. चर्र आवाज झाला. "झाली," ती म्हणाली. माझ्या हातात तापमापक तसाच राहिला.

पडवीत अजून अर्धी गोणी चुरा पडून आहे, प्लायचा नव्हे, चांगल्या पेलेटचा. बहीण तो पोपटीच्या पेंढ्यात मुठीमुठीने टाकून संपवते आहे.